भाड्याचे सारथी

महाभारताच्या युद्धात शस्त्र हाती धरणार नाही, असे श्रीकृष्णाने ठरवले होते. त्याने रथ हाकला आणि सल्ला दिला. आजच्या भाषेत बोलायचे तर तो अर्जुनाचा प्रचार-सल्लागारच म्हणायचा! पण युद्ध संपताच तो परस्पर द्वारकेला निघून गेला नाही. शंभर पुत्र गमावलेल्या गांधारीसमोर तो उभा राहिला आणि तिचा शाप त्याने स्वीकारला. राज्यशास्त्राच्या तासाला ‘राजकीय सल्लागार’ हा विषय निघाला, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. आजच्या सारथ्याला गांधारी भेटते का?

हा व्यवसाय तसा जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये व्हिटेकर आणि बॅक्स्टर या जोडीने १९३३ साली निवडणुका लढवून देणारी कंपनी काढली. पुढे हा माल परदेशी जाऊ लागला. १९६८ साली जोसेफ नेपोलिटन आणि मिशेल बोंग्रां यांनी पॅरिसमध्ये राजकीय सल्लागारांची आंतरराष्ट्रीय संघटनाच स्थापन केली. दुसऱ्याच वर्षी नेपोलिटन फिलिपिन्समध्ये मार्कोस यांच्या दिमतीला होते. मार्कोस निवडून आले आणि १९७२ मध्ये त्यांनी देशावर लष्करी कायदा लादला. १९८६ च्या निवडणुकीत तर मौजच झाली. मार्कोस यांच्याकडे पॉल मॅनफोर्ट यांची अमेरिकन कंपनी आणि कोराझोन अक्विनो यांच्याकडे सॉयर-मिलर ही दुसरी अमेरिकन कंपनी! रणांगण मनिलाचे, सारथी मात्र दोन्हीकडचे परदेशी.

पण खरा अस्वस्थ करतो तो बोलिव्हियाचा अनुभव. २००२ साली तेथील माजी अध्यक्ष सांचेझ दे लोझादा पुन्हा उभे राहिले. लोक त्यांच्यावर नाराज होते. त्यांनी वॉशिंग्टनहून नामांकित सल्लागार बोलावले. या मंडळींची रीत अशी, की मूठभर सामान्य मतदारांना एका खोलीत बसवून बोलते करायचे, स्वतः काचेआड बसून ऐकायचे आणि त्यांच्या भीतीतूनच घोषणा घडवायची. देश संकटात आहे आणि अनुभवी माणूसच त्याला तारील, हा सूर त्यांनी शोधून काढला. आघाडीवर असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर जाहिरातींचा मारा केला. लोझादा निवडून आले. मते किती? सुमारे साडेबावीस टक्के! बाकीचा देश त्यांच्या बाजूचा नव्हताच. २००३ च्या ऑक्टोबरात नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पन्नासहून अधिक माणसे मेली आणि अध्यक्ष राजीनामा देऊन अमेरिकेला निघून गेले. सल्लागार तर केव्हाच परतले होते. रॅचेल बॉइन्टन यांनी या प्रचारावर २००५ मध्ये एक माहितीपटही काढला.

याच्याशी आमच्या नगर जिल्ह्याची (आताच्या अहिल्यानगरची) एक आठवण ताडून पाहावी. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख यांनी बाळासाहेब विखे पाटलांचा पराभव केला. प्रचारसभांत केलेल्या भाषणांवरून विखे पाटील न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९९३ मध्ये तेथेही ती निवड रद्दच ठरली. या निकालाची बाजू कोणीही कशीही घेवो. मला त्यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. येथे बोलणारा माणूस दोन वर्षांनीही सापडत होता. त्याचे घर, त्याचा तालुका, त्याची माणसे येथेच होती. शब्दाला धनी होता.

आता मात्र आपल्याकडेही वारे फिरले आहे. २०१४ नंतर प्रशांत किशोर यांचे नाव घरोघरी पोचले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अजित पवारांचे गुलाबी जाकीट ही कुणाची कल्पना, याची चर्चा पारावरही रंगली. त्याच निवडणुकीच्या आधी मी स्वतः या यंत्रणेचा एक लहानसा खिळा झालो होतो. परगावच्या एका कंपनीसाठी पारनेर तालुक्यात घरोघर जाऊन मोबाईलवर फॉर्म भरायचे काम मिळाले. वर्गातली चार मुले मी सोबत घेतली. जात कोणती, राग कुणावर, भीती कशाची, असे सगळे प्रश्न त्यात होते. एका म्हातारीने उन्हाळ्यातल्या टँकरचे गाऱ्हाणे सांगितले. ते लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. निघताना ती म्हणाली, “बाळा, मत पडल्यावर परत येशील का रं?” मी काहीच बोलू शकलो नाही.

निकाल लागला आणि कंपनीचे फोन बंद झाले. शेवटच्या पंधरवड्याचे पैसे बुडाले. मित्र माझ्याकडे मागू लागले. त्यांचेही बरोबरच होते, त्यांना ओळखीचा असा मी एकटाच होतो. दिवाळीनंतर साठवलेले आणि थोरल्या भावाकडून उसने घेतलेले पैसे देऊन मी त्यांचा हिशेब मिटवला. त्या दिवशी बोलिव्हिया मला फार दूर वाटला नाही.

लोकांचे म्हणणे शोधून ऐकण्यात काही वाईट नाही. उलट पुढाऱ्यांनी ते अधिक ऐकावे. पण ऐकलेले सारे फक्त मत मिळवण्यापुरतेच वापरायचे असेल, तर मतदार हा एक गिऱ्हाईक उरतो आणि सल्लागार हा फिरस्ता व्यापारी. म्हणून माझी मागणी साधी आहे. उमेदवार जशी आपली मालमत्ता जाहीर करतो, तसे आपल्या सल्लागाराचे नाव आणि त्याला दिलेली रक्कमही त्याने मतदानापूर्वी जाहीर करावी. मग सभेत कुणीही उठून विचारू शकेल, “हे वाक्य तुमचे की त्यांचे?” असा प्रश्न विचारणारी चार मुले जरी आपल्या महाविद्यालयातून तयार झाली, तरी राज्यशास्त्राचा तास वाया गेला असे कुणी म्हणणार नाही.