प्रश्न छापलेलेच नाहीत!

थांबा, आधी हे ऐका! र्युनोसुके आकुतागावा या जपानी लेखकाची 'इन अ ग्रोव्ह' ही कथा मी नुकतीच इंग्रजीतून वाचली आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये! १९२२ची कथा! मी समीक्षक नाही, जपानी तर एक अक्षर येत नाही, पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून तुम्हाला धरलंय!

बांबूच्या बनात एका सामुराईचं प्रेत सापडतं. बस्स! आणि मग सात जण बोलतात. लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, मेलेल्याची सासू, डाकू ताजोमारू, मेलेल्याची बायको मासागो, आणि सातवा कोण? खुद्द मेलेला माणूस, एका बाईच्या अंगात येऊन! निवेदक नाहीच! खरं काय घडलं ते सांगायला कुणीच नाही!

आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रश्न छापलेलेच नाहीत! नुसती उत्तरं! लाकूडतोड्या मध्येच म्हणतो की तिथे घोडा शिरूच शकत नाही, आणि मग आपल्या डोक्यात प्रकाश पडतो, अरे, म्हणजे आत्ता कुणीतरी घोड्याचं विचारलं! त्या अधिकाऱ्याच्या जागी आपल्यालाच बसवलंय हो!

एरवी रहस्यकथेत सगळे हात झटकतात. इथे डाकू म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, मेलेला म्हणतो मीच जीव दिला! डाकूला तर तेविसाव्या वाराला मारल्याचा केवढा अभिमान!

आणि तो खंजीर! मेलेला शेवटी सांगतो की कुणीतरी हळूच येऊन माझ्या छातीतला खंजीर उपसला, आणि मग मी धावत पहिल्या पानावर, तर लाकूडतोड्या म्हणतोय की तिथे फक्त एक दोर आणि एक कंगवा होता! लाकूडतोड्याला मेलेल्याचं म्हणणं माहीत नाही, मेलेल्याला लाकूडतोड्याचं. दोघांचंही ऐकलंय ते आपण! रहस्य सगळं या दोन जबान्यांच्या फटीत!

दिग्दर्शक कुरोसावाने याच कथेवरच्या १९५०च्या 'राशोमोन' चित्रपटात लाकूडतोड्याला प्रत्यक्षदर्शी केलं. कथेत तीही सोय नाही! माझा संशय लाकूडतोड्यावरच आहे. पण तुम्ही वाचा, एका बैठकीत होते, आणि मग सांगा, खंजीर कुणी उपसला?