आकाशमार्ग आणि आईची वाट

लंडन ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ते नऊ-दहा तासांत कापते. परंतु हिवाळ्यात आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे रात्री नऊला तेथून निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मुंबईत उतरतो. पुढे नागपूरचे विमान, मग पाऊणशे किलोमीटरांचा रस्ता. सावंगीच्या रुग्णालयात पोहोचेतो रात्र होते.

अशा मातांच्या उशाशी मी अनेकदा बसलो आहे. त्या किलोमीटर विचारीत नाहीत. “फादर, निघाला का तो?” एवढेच विचारतात. ‘निघाला’ म्हणताच त्यांचा चेहरा निवतो. म्हणून परदेशस्थ लेकरांनो, तिकीट हाती येताच पहिला दूरध्वनी आईच्या खाटेजवळ येऊ द्यावा.