अकराशेवर अडकलेला आकडा



विहिरीवर लावलेल्या डबीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. ती कशी बनवली, एआयची मदत किती झाली आणि ती चालू असतानाच मिरचीचे दोन वाफे कसे गेले, ते आज सगळं लिहितो. थोडं लांबेल, पण समुद्राकाठी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमची वाडी तारापूर-चिंचणीच्या बाजूला. समुद्र जेमतेम दीड किलोमीटर. चिकू, नारळ आणि मोकळ्या तुकड्यात ठिबकवर मिरची. विहीर २८ फूट. पावसाळ्यानंतर पाणी गोड, होळी झाली की चव बदलायला लागते. आपल्या पट्ट्यात ह्याला मचूळ पाणी म्हणतात, नवीन काही नाही.

का होतं ते थोडक्यात. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांचा गोड्या पाण्याचा थर टिकतो. म्हणजे उपसा करून पातळी एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकायला मोकळं. लाईट रात्रीची असते. पंप लावून आपण झोपतो आणि सकाळपर्यंत विहिरीने खालचं पाणी ओढलेलं असतं.

त्या आधीच्या वर्षी मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. मी थ्रिप्स समजून दोन फवारण्या केल्या. पैसे गेले, कडा करपतच राहिल्या. तेव्हापासून डोक्यात होतं की पाण्याचा खारेपणा रोज कळला पाहिजे.

थोरली पोरगी नववीत. तिला शाळेत एकदा लाल दिवा लुकलुकवायला शिकवलेलं, तेवढंच आमच्या घरातलं इलेक्ट्रॉनिक्स. दिवाळीच्या सुट्टीत तिने मोबाईलवर एआय चॅटबॉटला मराठीत विचारलं, ‘विहिरीच्या पाण्यातलं मीठ मोजून बाबांना कळवणारं यंत्र घरी बनवता येईल का?’ त्याने लगेच यादी दिली. ईएसपी३२ बोर्ड, टीडीएस सेन्सर, छोटा बझर, लाल-हिरवा दिवा, वायरी. बोईसरहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडला फिरून सगळं सामान दीड हजाराच्या आत आणलं. पोरांना तीच सहल.

त्यानंतरचे पंधरा दिवस ओटीवर नुसता वायरींचा पसारा. धाकटा वायरी सोलायचा, थोरली जोडायची, हिने डबीला भोकं पाडून दिली. प्रोग्रॅम आमच्यापैकी कुणालाच येत नव्हता, तो पूर्ण चॅटबॉटने लिहिला. हे मान्य केलंच पाहिजे. त्याच्याशिवाय आमची डबी झाली नसती.

पहिली अडचण आली ती वायफायची. डबी आकडा बरोबर दाखवायची, पण घरच्या वायफायला जोडली की काहीही बरळायची. पोरीने दोन दिवस ‘चालत नाही, काय करू’ असंच विचारलं. त्याने वायर बदला, सेन्सर बदला, सप्लाय बदला, असं दहा ठिकाणी फिरवलं. तिसऱ्या दिवशी तिने नीट लिहिलं, ‘सेन्सर चार नंबरच्या पिनवर आहे. वायफाय बंद असताना आकडा बरोबर येतो, चालू केलं की बिघडतो.’ तेव्हा एका झटक्यात उत्तर आलं. ह्या बोर्डाच्या काही पिना वायफाय चालू असताना असं मोजमाप करू शकत नाहीत, चार नंबर त्यातलीच. वायर चौतीसवर घ्या. घेतली, चाललं. चार नंबरची पिन आधी त्यानेच सांगितली होती, ही गोष्ट वेगळी.

तिथेच मला समजायला हवं होतं. कृषी सहायकाला ‘झाड सुकतंय’ एवढंच सांगितलं तर तो दहा कारणं सांगणार. कोणतं पान, कधीपासून, पाणी किती हे सांगितलं तर एक सांगणार. इथेही तसंच.

दुसरी गोष्ट पंपाची. डबीनेच पंप बंद करावा असं मला वाटत होतं. चॅटबॉटने चित्र काढून दिलं, छोटा रिले घ्या आणि स्टार्टरच्या कॉइलच्या वायरीत घाला. मी करणारही होतो. गावातल्या वायरमनकाकांना सहज दाखवलं. त्यांनी रिले उलटा करून त्यावरचा आकडा वाचला. ‘ह्याच्यावर २५० व्होल्ट लिहिलंय. तुझा पंप थ्री फेजचा, स्टार्टरची कॉइल ४१५ ची. पोरं खेळतात ना इथे?’ मी गप्प. आम्ही त्याला ‘पंप’ एवढंच सांगितलं होतं, थ्री फेज सांगितलंच नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. आईने त्या दिवशी नियम केला, डबीचा आणि पंपाचा संबंध नाही. डबीने फक्त ओरडायचं, पंप माणूस बंद करणार.

मग डिलिव्हरी पाइपाखाली एक बादली ठेवली, त्यात सेन्सर. खारेपणा किती झाला की लाल दिवा लागावा, हेही चॅटबॉटलाच विचारलं. ‘शेतीला किती टीडीएस चालतो?’ असा प्रश्न. त्याने सांगितलं, १२०० पीपीएमपर्यंत साधारण चालेल. तेवढं टाकलं.

डिसेंबरात आकडा ३०० च्या आसपास, फेब्रुवारीत ५२०, मार्चअखेर ८००. पोरगी वहीत रोज लिहायची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आकडा अकराशेच्या वर गेला आणि तिथेच थांबला. १११५, १११८, १११५. नऊ दिवस. हिरवा दिवा चालू. मी खूश. म्हटलं, यंदा विहीर स्थिर राहिली. दोघा-तिघांना फोन करून सांगितलंही.

दहाव्या दिवशी आई वाडीत आली. पाइपाखाली ओंजळ धरून घोट घेतला आणि थुंकला. ‘अरे, हे पाणी मिरचीला घालतोस? हे तर जेवणातल्या मिठासारखं लागतंय.’ मी तिला हिरवा दिवा दाखवला. ती म्हणाली, ‘दिव्याला जीभ आहे का?’

विहिरीकडच्या दोन वाफ्यांत वाकून बघितलं, तर पानांच्या कडा परत करपलेल्या.

माझा दादा बोईसरला एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटच्या कामाला आहे. त्याचं आयुष्य मीटर तपासण्यात गेलंय. रविवारी येताना त्याने दुकानातून १४१३ मायक्रोसायमनचं प्रमाण द्रावण आणि दोन बाटल्या डिस्टिल्ड वॉटर आणलं, बॅटरीत घालतात तेच. आधी सेन्सर प्रमाण द्रावणात बुडवला. आपल्या सेन्सरच्या हिशेबात तिथे ७०० च्या आसपास आकडा यायला हवा. ६९० आला. म्हणजे सेन्सर खोटा नव्हता.

मग त्याने एक पेला विहिरीचं पाणी आणि एक पेला डिस्टिल्ड वॉटर एकत्र केलं. अर्धं पाणी शुद्ध, म्हणजे आकडा निम्म्यावर यायला हवा, ५६० च्या जवळपास. आला ९४०.

पोरगीच आधी ओरडली, ‘म्हणजे खरा आकडा अठराशे ऐंशी!’

सेन्सरची धाव १००० पीपीएमपर्यंतचीच आहे. त्याच्यावर पाणी कितीही खारट झालं तरी तो अकराशेच्या वर थोडासा जाऊन थांबतो. सहा इंचाच्या पट्टीने हात मोजायला गेलो, तर हात सहा इंचच भरणार. आणि आमचा लाल दिवा लागणार होता १२०० ला. म्हणजे समुद्र विहिरीत आला असता तरी तो लागला नसता. नऊ दिवस आकडा हलला नाही, ती विहिरीची स्थिरता नव्हती. एप्रिलमध्ये, रोज उपसा चालू असताना, आकडा जागचा हलत नाही हीच खरी धोक्याची खूण होती. पोरीच्या वहीत ती समोर लिहिलेली होती आणि मी ती शुभ समजून वाचली.

संध्याकाळी थोरलीने चॅटबॉटला विचारलं, ‘ह्या सेन्सरची मर्यादा किती?’ लगेच उत्तर, १०००. ‘मग १२०० ला दिवा लावायला का सांगितलंस?’ त्याने माफी मागितली आणि चूक समजावूनही सांगितली. दादा म्हणाला, ‘माफी मागण्यात हा आपल्या सगळ्यांपेक्षा बरा आहे.’

त्याचा मला राग नाही. सेन्सर कोणता ते त्याला माहीत होतं, मिरची आहे हे आम्ही सांगितलं नव्हतं, आणि दोन्ही जोडून बघायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. त्याचं मराठी चांगलं, बोलणं ठाम, म्हणून तपासायचं सुचलंच नाही.

आता कामाच्या नोंदी.

पीपीएममध्ये बोलू नका, ईसीमध्ये बोला. मीटर आतून ईसीच मोजतो आणि गुणून पीपीएम दाखवतो. कोणी ५०० ने गुणतो, कोणी ६४० ने. एकच पाणी एका मीटरवर १००० आणि दुसऱ्यावर १२८० दिसेल, दोन्ही बरोबर. आमचा सेन्सर ५०० वाला. म्हणजे १८८० पीपीएम म्हणजे ईसी ३.७ च्या वर.

एफएओच्या १९८५ च्या पुस्तिकेप्रमाणे सिंचनाच्या पाण्याची ईसी ०.७ च्या खाली असेल तर चिंता नाही, ०.७ ते ३ मध्ये जपून, ३ च्या वर गंभीर. मिरचीचं उत्पादन साधारण १ च्या वर घटायला लागतं, टोमॅटोचं १.७ च्या आसपास, फरसबी तर ०.७ लाच कुरकुरते. मी मिरचीला ३.७ पाजत होतो.

पंपाचं गणित बदललं. फुटवॉल तळाशी होता, तो पाच फूट वर घेतला, म्हणजे वरचं गोडसर पाणी आधी येतं. रात्रभर चालवायचं बंद. पाऊण तास पंप, मग तीन-चार तास विहिरीला विसावा. आठवड्यात ईसी २ च्या जवळ आली. मिरचीला तीही जास्तच, पण नवी पालवी करपायची थांबली. दोन वाफे मात्र गेले. जमिनीतलं मीठ धुवायला आपला पाऊस पुरेसा आहे, आपल्याकडे तो कमी नाही.

डबीत दोन बदल केले. पिवळा दिवा ईसी १ ला, लाल दीडला, दोन्ही सेन्सरच्या धावेच्या आत. आणि तिसरा नियम पोरीने स्वतः सुचवून चॅटबॉटकडून लिहून घेतला. आकडा १००० च्या वर गेला किंवा सलग दोन दिवस हलला नाही, तर डबीने आकडा दाखवायचाच नाही. पडद्यावर ‘मला माहीत नाही’ असं यायचं आणि बझर वाजायचा. त्याने तो प्रोग्रॅम एका दमात बरोबर लिहिला, कारण ह्या वेळी प्रश्नात विहीर, सेन्सर, मिरची, सगळं होतं.

दर रविवारी पेल्याची तपासणी. अर्धं पाणी, अर्धं डिस्टिल्ड, आकडा निम्मा आला पाहिजे. खर्च काही नाही, धाकटा करतो. कुठलाही टीडीएस मीटर वापरत असाल, दुकानातला पेनासारखा असला तरी, हे एकदा करून बघा. आणि हंगामात एकदा तरी पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, कारण सोडियम किती आणि क्लोराइड किती हे असल्या डबीला कळत नाही. आपल्या जिल्ह्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

एआय वापरू नका असं मी म्हणणार नाही. पोरगी आता ठिबकच्या प्रेशरचं काहीतरी बनवायच्या मागे आहे, मीच पैसे दिलेत. फक्त आता त्याला विचारायच्या आधी ती वहीत तीन ओळी लिहिते. आपल्याकडे नेमकं काय आहे, काय दिसलं, आणि उत्तर खोटं निघालं तर आपल्याला ते कशावरून कळेल. तिसरी ओळ जमली नाही तर ती विचारतच नाही.

आणि पहिला घोट अजून आईच घेते. परवा डबीने ०.९ दाखवलं, आईने ‘ठीक आहे’ म्हटलं. दोघांचं जुळलं, मगच मी पंप चालू केला.

तुमच्या विहिरीचं पाणी ह्या महिन्यात कसं लागतंय? गावाचं नाव आणि ईसी कळवा. चिंचणीपासून केळव्यापर्यंतचे आकडे जमले तर पोरगी वहीत मांडणार आहे.