एक सायकल, दोन स्वभाव

माझ्या सायकलशोधाची सुरुवात तीन टाक्यांनी झाली. मैत्रिणीची रोडबाइक घेऊन कोथरूडहून निघाले होते. २५ मिलिमीटरचे टायर, वाऱ्यासारखा वेग, मी जाम खूश! रस्त्याच्या कडेला पावसाळी गटाराची जाळी आली, पुढचं चाक फटीत बसलं आणि मी थेट डांबरावर. कोपराला तीन टाके. 'सायकलला ओरखडाही नाही,' हे मैत्रिणीनं केलेलं सांत्वन.

बाबा म्हणाले, "आम्ही सदाशिव पेठेतून पिंपरीला रोज सायकल हाणायचो. असलं काही नव्हतं बाबा." त्यांची बावीस इंची काळी सायकल, जाड टायर, मागे डब्यासाठी कॅरिअर. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं ना!

माझं दुखणं वेगळं. आठवड्यातून चार दिवस कोथरूड ते बाणेर. वाटेत डांबर, पेव्हर ब्लॉक, खोदकाम, खडी, सगळं आलं. शिवाय वर्षातून एकदोनदा हौशी शर्यतीत उतरायची खाज. आणि फ्रीलान्सरचं बजेट? एकाच सायकलचं. पार्किंगमध्ये जागाही एकाच सायकलची.

मग ठरवलं, परीक्षा सिंहगडावर घ्यायची. तीन रविवार, मागून आणलेल्या तीन सायकली, रस्ता तोच. पहाटे साडेपाचला निघायचं, सिंहगड रस्त्यानं खडकवासला, पुढे डोणजे, गोळेवाडी आणि मग घाट.

रविवार पहिला : एमटीबी. दोन इंची टायर, पुढे सस्पेन्शन. खड्डे कुठे गेले कळलंच नाही. पण गुळगुळीत डांबर लागलं की टायरची घरघर सुरू. चढावर उभं राहून पॅडल मारलं की अर्धा जोर सस्पेन्शन दाबण्यातच जायचा. गडावर पोचले तेव्हा पिठलं-भाकरी खायचंही त्राण नव्हतं. (खाल्ली. दोन खाल्ल्या.)

रविवार दुसरा : हायब्रिड. सरळ हॅण्डल, ३८ मिलिमीटरचे टायर. ताठ बसता येतं, ट्रॅफिक नीट दिसतं. घाटही चढली बिचारी. फक्त परतताना धरणाच्या काठानं समोरून वारा आला आणि छातीवर हात ठेवून कुणीतरी मागे ढकलतंय असं वाटायला लागलं. वाकायची सोयच नाही! नुसतं ऑफिसला जायचं असेल तर डोळे मिटून हीच घ्या. शर्यतीत मात्र दमवेल.

रविवार तिसरा : ग्रॅव्हल बाइक. दिसायला रोडबाइकची बहीण. खाली वळलेलं हॅण्डल, पण टायर ४० मिलिमीटरचे आणि डिस्क ब्रेक. वारा आला की हॅण्डलचा खालचा भाग धरून वाकायचं. पुढची लहान चकती ३० दात्यांची, मागची सर्वांत मोठी ३४ दात्यांची. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेराही पूर्ण होत नाही. घाटातल्या वळणांवर याचं मोल कळतं. उतरताना रिमझिम सुरू झाली, रस्ता ओला, तरी ब्रेकनं दगा दिला नाही. रोडबाइकपेक्षा जड आहे आणि साध्या हायब्रिडपेक्षा महाग. पण माझं उत्तर मिळालं होतं.

दुकानात जाताना काय बघाल? एक, फ्रेममध्ये टायरला जागा किती. खरी गंमत इथेच आहे. जागा भरपूर असली की एकाच सायकलचे दोन स्वभाव होतात. रोजच्यासाठी ४० चे टायर, शर्यतीच्या आदल्या रात्री ३० चे. रिमला कोणते चालतात ते विचारून घ्या. दोन, मडगार्ड आणि कॅरिअरसाठी बोल्टची भोकं आहेत ना? पुण्याच्या पावसात मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची नक्षी घेऊन मीटिंगला बसावं लागतं. तीन, साइज. रंग नंतर. चार, व्हॉल्व्ह. या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसेलच असं नाही. छोटासा अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या. आणि जाड टायरला हवा कमीच हवी. ती दगडासारखी ठासून भरलीत तर सगळे पैसे पाण्यात.

मी सेकंडहॅण्ड घेतली, तीही अर्धे पैसे हप्त्यानं. पहिल्या हौशी शर्यतीत, ४० किलोमीटरमध्ये, घोळक्याच्या बरोबर मधोमध आले. माझ्यासाठी हे सुवर्णपदकच! सोमवारी पुन्हा ४० चे टायर आणि पाषाणची खडी. त्या जाळीवरून आता मी रोज जाते. चाक फटीत बसत नाही. कोपर मात्र आपोआप अंगाशी येतं.

सायकल घरी आणली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. डिस्क ब्रेक बघितले, गिअर मोजले. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे गं, पण डबा कुठे लावणार?"

दुसऱ्या दिवशी कॅरिअर बसवून घेतलं.