जलशाची रात्र

नाशिकहून येवल्यास जाणाऱ्या रस्त्यावर विंचूर हे गाव लागते. सरदार विंचूरकरांच्या कोटाचे अवशेष तेथे आहेत. परंतु ते पाहावयास थांबणारा प्रवासी विरळा. जो तो कांद्याच्या बाजाराच्या घाईत असतो.

१९६० नंतरची गोष्ट. या गावातील बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या बैलगाडीतून शेजारच्या खेड्यात जलसा पाहावयास गेला. आंबेडकरी जलशाची परंपरा नाशिककडे जुनी. शाहीर भीमराव कर्डकांनी ती गावोगाव पोहोचविली होती. रंगमंच म्हणजे चार बांबू, वर एक कापड आणि मध्ये टांगलेली गॅसबत्ती. ढोलकी घुमू लागली, तुणतुण्याने सूर धरला, आणि माणसे दाटीवाटीने पुढे सरकली.

गाणे ऐन रंगात आले असता गॅसबत्ती भकभकली आणि विझली. मुलाला वाटले, संपले सारे! पण गाणारा थांबला नाही. ढोलकीचा ठेकाही चुकला नाही. समोरच्या अंधारातून शेकडो कंठांनी ध्रुपद उचलले. कोण गातो आणि कोण ऐकतो, हे त्या काळोखात कळेनासे झाले. बत्ती पुन्हा पेटली तेव्हा मुलाच्या लक्षात आले, की आपणही गात होतो.

ते गीत वामनदादा कर्डकांचे होते. वामनदादा याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले. मुंबईत गिरणीत राबत असताना एकाने पत्र वाचून दाखवावयास सांगितले आणि त्यांना ते वाचता येईना. ती लाज त्यांच्या मनाला डाचली. जाणत्या वयात त्यांनी अक्षरे गिरविली, १९४३ च्या सुमारास गीतरचनेस आरंभ केला आणि पुढचे सारे आयुष्य गावोगाव गात घालविले. अशा भटकंतीत मान पुष्कळ मिळतो, पैसा मात्र क्वचितच.

परतताना मुलाने भीतभीत विचारले, “आबा, मी जाऊ का त्यांच्यासंगं?”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कांदा निघू दे. मग बघू.”

कांदा निघाला. पुढल्या वर्षीही निघाला. आबांना दोष तरी कसा द्यावा? घरात राबणारे हात मोजके होते. मुलगा शेतातच राहिला, संसारी झाला. ढोलकी तो शिकला, पण ती वाजली भीमजयंतीला आणि शेजारपाजारच्या लग्नांत.

१५ मे २००४ रोजी वामनदादा निवर्तले. ती वार्ता त्याला दोन दिवसांनी, लासलगावच्या बाजारात, लिलावाच्या रांगेत उभा असताना कळली. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा राहिला. त्याची बोटे चाकावरील पत्र्यावर हळूहळू ठेका धरू लागली. पुढची गाडी केव्हाच सरकली होती, आणि मागून लोक हाका मारीत होते.