मांड

आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या माणसाला ‘मांड’ म्हटलं की शिगमो आठवतो. मांडावर गाऱ्हाणं घालायचं, ढोल-ताशांवर काठी पडायची आणि घोडेमोडणीचे घोडे बाहेर पडायचे. लहानपणी मी ते घोडे डोळे फाडून बघत असे. लाकडी तोंडाचा घोडा कंबरेला बांधलेला, हातात तलवार आणि नाचणाऱ्याचे दोन पाय हेच घोड्याचे पाय. या घोड्याला चारा लागत नाही, खोगीर लागत नाही. दमलाच तर स्वार दमतो.

खऱ्या घोड्याशी आपला संबंध तसा बेताचाच. सोळाव्या शतकात होर्मुझहून आलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत, पोर्तुगीज त्यांवर जकात घेत आणि घोडे घाट चढून विजयनगरकडे जात. बी.ए.ला इतिहासाच्या पेपरात हे लिहून मी गुण मिळवले होते. घोडे गेले वर, आपल्याकडे राहिला जकातीचा हिशेब. मी सरकारी कारकून झालो यात नवल ते काय?

तर अशा माझ्यावर गेल्या दिवाळीत खऱ्या घोडीवर बसायची पाळी आली.

माझी सासुरवाडी बेळगाव जिल्ह्यातली. मेहुण्याने नोकरी सोडून वरातीसाठी घोडी घ्यायचं ठरवलं. सोसायटीचं कर्ज काढलं, तरी चाळीस हजार कमी पडत होते. ‘दाजी, एवढी नड भागवा,’ म्हणून त्याचा फोन आला. मी भविष्य निर्वाह निधीतून काढून दिले. दिले खरे, पण मनातून नाही. सौ.ला दोनदा ऐकवलंही, ‘तुझ्या भावाने माझ्या म्हातारपणाची घोडी केली.’

दिवाळीला गेलो तर गोठ्यात चार वर्षांची तांबडी घोडी उभी. देखणी, पण खोगिराचा पत्ता नाही. सगळे पैसे घोडीतच संपलेले. तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे वरातींचा हंगाम सुरू होणार. मी विचारलं, ‘नवरदेवाला बसवणार कशावर?’ तो नुसता हसला.

शेवटी मीच चौकशी केली. शेजारच्या गावात एकाकडे जुनं चामड्याचं खोगीर होतं, रिकिबीसकट आठ हजारांना. म्हटलं, चाळीस गेले तिथे अठ्ठेचाळीस. पैसे वसूल व्हायला हवेत ना! खोगीर बघायला म्हणून घरी आणलं.

वाड्यासमोर एक धनगर म्हातारा बसला होता. त्याचा सगळा जन्म मेंढरांमागे आणि बिऱ्हाड लादलेल्या तट्टांमागे गेलेला. त्याने खोगीर उचलून घोडीच्या उघड्या पाठीवर ठेवलं. मानेच्या मुळाशी पाठीचा उंचवटा असतो, तिथे खोगिराच्या कमानीखाली बोटं घालून बघितली. बोटं जाईनात.

‘दाजी, मानूस बसायच्या आदीच ह्ये टेकलंय. दोन-तीन बोटं रिकामी ऱ्हायला पायजेत. चार वराती झाल्या की पाट फुटंल. मग म्हैनाभर घोडी बांदून ठेवा आनि हळद लावत बसा.’

मी म्हटलं, ‘अहो, पण नुसत्या पाठीवर बसण्यापेक्षा बरं ना?’

‘बसून बगा की वो,’ म्हातारा म्हणाला.

सगळं घर बघत होतं. जावई माणूस, नाही कसं म्हणणार? सासूबाईंनी आग्रहाने स्कूटरचं हेल्मेट डोक्यात घालायला लावलं. मेहुण्याने घोडीला खरारा केला, पाठीवरून हात फिरवून कुठे दुखत नाही ना ते बघितलं. गेले पंधरा दिवस तो रोज तिला नुसता हाताने धरून हिंडवत होता, हे मला तेव्हा कळलं. घोंगडीची चौपदरी घडी पाठीवर टाकली. रिकीब नाही, म्हणून मी ओट्यावर चढलो आणि तिथून तिच्यावर. लगाम मेहुण्याच्या हातात, माझ्या हातात आयाळ.

घोडी एक पाऊल चालली आणि मी टाचा घट्ट आवळल्या. त्याबरोबर ती झपाझप निघाली. ‘टाचा सोडा!’ म्हातारा ओरडला. ‘तुमी घाबरून धरताय, तिला वाटतंय पळ म्हनताय!’ टाचा सोडल्या, कंबर सैल केली, पाय नुसते लोंबू दिले. मग तिचा प्रत्येक खांदा पुढे जाताना मांडीखाली कळू लागला. माझ्या ढुंगणाची दोन हाडं तिच्या कण्याच्या दोन बाजूंना रुतताहेत, हेही कळलं. माझं वजन बहात्तर किलो. चांगलं खोगीर हे वजन रुंद पसरून देतं, इथे ते दोन ठिकाणीच पडत होतं. दहा मिनिटांत मीच म्हटलं, ‘बस, उतरतो.’

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक झेनोफनने अश्वारोहणावर पुस्तक लिहिलं. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली पाठ बसायला सोयीची, असं तो सांगतो. त्याच्या काळी ग्रीक लोक असेच बिनखोगिराचे बसत. उतरताना ते मला आठवलं. आणि आणखी एक आठवलं. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. घोडा मेला तर शिलेदार बुडाला, बारगिराला दुसरा मिळायचा. एकवीस वर्षं मी सरकारी खुर्चीत बसतोय. पहिल्या तारखेला पगार होतो. मी पक्का बारगीर. आणि एका शिलेदाराला ‘वसुली’ शिकवत होतो.

ते खोगीर त्याच संध्याकाळी परत केलं.

मग म्हाताऱ्याने तोड काढली. जुन्या घोंगड्यांच्या दोन लांब गाद्या शिवल्या, त्यांत लोकर गच्च भरली, कण्यावर मधे मोकळी जागा ठेवून दोन्ही जोडल्या आणि रुंद तंग लावला. रिकिबी मात्र लावू दिल्या नाहीत. अशा गादीला रिकिबी लोंबवल्या की सगळा ताण एकाच जागी येतो आणि गादी फिरते, असं त्याचं म्हणणं. वर मखमली झूल टाकली की खाली काय आहे ते नवरदेवालाही कळत नाही. स्टुलावरून चढायचं, घोडी चालीनेच न्यायची, जवळच्याच वराती घ्यायच्या. पैसे कमी मिळाले, पण घोडीची पाठ शाबूत आहे.

ऑफिसात निरुपयोगी कागदांनी फुगलेल्या फाइलीला आम्ही ‘खोगीरभरती’ म्हणून हसतो. त्या दिवाळीत मी खरी खोगीरभरती बघितली. घोडीचं सगळं सुख त्या भरतीतच होतं.

निघताना मेहुण्याने पाकीट पुढे केलं. ‘दाजी, पहिल्या वरातीचे.’ आत पाचशे रुपये होते. मी म्हटलं, ‘ठेव, चांगल्या खोगिराला लागतील.’ त्याने ऐकलं नाही. माझ्या खिशात पाकीट कोंबून तो घोडीला पाणी दाखवायला गेला.

ते पाकीट मी अजून फोडलेलं नाही. देवघरात, शिगम्याच्या प्रसादाच्या नारळाशेजारी ठेवलं आहे.