पाव व्होल्टही नव्हता, पण अडला होता



यंदा स्नेहसंमेलनात रंगमंचाच्या कडेला रंग बदलणारी एलईडी पट्टी लावायची, असे नववीच्या मुलांनी ठरवले. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक प्रयोगशाळेत होताच. तारा जोडल्या, पण दिवे कधी लागत, कधी लुकलुकत, कधी लाल सांगितले तर भलताच रंग दाखवत. "पट्टीच खराब आहे, नवी मागवू या," असे ठरू लागले. पट्टी पालकांच्या वर्गणीतून आलेली. म्हणून आधी कारण शोधा, असे आम्ही मुलांना सांगितले.

कारण आकड्यांत सापडले. या संगणकाच्या पिनेवरून निघणारा संदेश ३.३ व्होल्टचा असतो. आमची डब्ल्यूएस२८१२बी जातीची पट्टी ५ व्होल्टवर चालते. मिळालेल्या विजेच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट, दाब आला तरच ती 'एक' हा अंक खात्रीने ओळखते. कमतरता फक्त ०.२ व्होल्टची! म्हणून ती कधी ऐके, कधी नाही. संगणकही चांगला, पट्टीही चांगली. पातळी तेवढी जुळत नव्हती.

उपाय म्हणजे मध्ये बसवायची ७४एएचसीटी१२५ ही लहान चिप. तिला ५ व्होल्ट वीज दिली, की ती २ व्होल्टच्या वरचा संदेश 'एक' मानते आणि पुढे ५ व्होल्टचा करून पाठवते. मुलांनी तीन गोष्टी मात्र वहीत लिहून ठेवाव्यात. संगणक, चिप व पट्टी यांच्या ग्राउंडच्या तारा एकत्र जोडाव्यात. पट्टीला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. पूर्ण पांढरा उजेड देताना एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात. आणि संगणकाच्या संदेशाच्या पिनेत ५ व्होल्ट कधीही जाऊ देऊ नयेत. तो कायमचा निकामी होऊ शकतो.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'विभवांतर' शब्द शिकलो. मराठीत तोच, कन्नडमध्येही तोच. आपल्या कडगंचीला हे नवे नाही. येथील सायंदेवांच्या वंशातील सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड, तरी त्यांनी 'गुरुचरित्र' मराठीत लिहिले. आज मात्र घरी मराठी बोलणारे लेकरू कन्नडच्या तासाला अडखळले, की आपण त्याला लगेच 'ढ' म्हणून मोकळे होतो. पालकहो, तसे म्हणण्याआधी ते नेमके कोठे अडते, हे एकदा शिक्षकांसोबत बसून पाहावे. पुष्कळदा अडचण थोडक्यातच असते.

पट्टी संमेलनात लागली, वर्गणीही वाचली. जोडणी प्रयोगशाळेत ठेवली आहे. पालकांनी अवश्य येऊन पाहावी. मुलेच समजावून सांगतील.

आपले,
मुख्याध्यापक